गाडी ढमढम का करत नाही?

मार्गशीर्षात सारंगखेड्याला दत्ताची यात्रा भरते. मोठी माणसं घोड्यांचे दात बघतात, भाव विचारतात आणि रिकाम्या हातानं परततात. पोरगं मात्र वाहन घेऊनच घरी येतं: दोरीनं ओढायची ढमढम गाडी. "आते बस कर रे भो, कान फुटी ग्यात!" असं आजोबा ओरडेपर्यंत ती वाजते. दुसऱ्या दिवशी गप्प होते. घर हुश्श करतं, पोरगं भोकाड पसरतं. भोकाड गाडीपेक्षा मोठं, म्हणून दुरुस्ती आलीच. आणि ती पडते माझ्यासारख्या, प्रत्येक वाद्याच्या पोटात डोकावणाऱ्याच्या गळ्यात.

रचना बघाल तर हात जोडाल. दोन कामट्यांमध्ये मातीची वाटी, तिच्या तोंडावर खळीनं चिकटवलेला कागद. मागे कामट्यांना ताणून बांधलेला दुहेरी दोरा, त्याला पीळ, आणि पिळात अडकवलेल्या दोन काड्या. चाकांच्या तारेला बाक दिलेले. चाक फिरलं की बाक काडीचं शेपूट दाबतो, डोकं वर उठतं. बाक निसटला की पीळ काडीला कागदावर आपटतो. बस, एवढंच.

आधी तार बघा. चाकं फिरतात आणि तार जागची हलत नाही, हा नेहमीचा आजार. चाकाच्या भोकात आगकाडीचा तुकडा ठोका. हळू, चाक मातीचं आहे. तार फिरूनही काडी आळसावली असेल तर पीळ सैल झालाय. एका वेळी दोनच वेढे वाढवा. उलट्या दिशेनं पिळलात तर काडी वर उभी राहून सलाम ठोकते. फार पिळलात तर कागद फाटतो, आणि मग खरं काम सुरू होतं.

वर्तमानपत्र लावू नये. बातमी कितीही खणखणीत असो, आवाज फुसकाच येतो. जुन्या खाकी पाकिटाचा कागद घ्या, ओल्या फडक्यानं पुसून किंचित दमट करा, वाटीच्या काठाला खळ लावून बसवा आणि वरून दोरा गुंडाळा. वाळताना कागद आकसतो, ताण आपोआप येतो. मात्र सावलीत वाळवा. आपल्याकडचं ऊन घाई करतं: खळ धरायच्या आत कागद आखडतो आणि काठ सुटतो. श्रावणात उलट रड. हवेतल्या ओलीनं कागद लोंबतो. तेव्हा गाडी चुलीपासून हातभर लांब धरून शेकायची, डफ शेकतात तशीच.

गाडी फारच छळत असेल तर पोराला दुसरं काही द्यावं, असा सल्ला मिळतो. देऊ नये. पत्र्याच्या डब्याच्या बुडाला भोक पाडून दोरा ओवला, आत गाठीला काडी अडकवली आणि ओल्या फडक्यानं दोरा झटके देत ओढला, की डबा कोंबडीसारखा कलकलतो. ब्राझीलचा कुईका नावाचा ढोल याच घराण्यातला. तिथं चामड्याच्या आतल्या बाजूला बांबूची काडी असते.

घासून वाजवायचंच तर आपली थाळी काय वाईट? साक्री-नवापूरकडे कोकणा समाजात थाळीवर रात्र रात्र कथा गातात. काशाच्या थाळीत मधोमध मेण, मेणात उभी सरळ वाळकी काडी, आणि काडीवरून वरून खाली ओढलेली बोटं. बोट अडकतं, सुटतं, पुन्हा अडकतं; ती थरथर मेणातून थाळीत उतरते आणि अख्खी थाळी गुणगुणू लागते. दिसतं सोपं. मेणबत्तीचं मेण तडकतं, काडी कोलमडते. मधमाशीचं हवं, तळहातावर मळून मऊ केलेलं. स्टीलची थाळी नुसती कुरकुरते. बोटं कोरडी हवीत. भरीत खाऊन बसलात तर तेलानं बोट सरकत राहतं आणि थाळी मौन पाळते. हात राखेनं घासून या.

वाजवून झाल्यावर मेण निघता निघत नाही. ते ६२ अंशांच्या पुढे वितळतं. तिथवर भुसावळचा मे महिनाही पोचत नाही. उकळतं पाणी ओता, मग राखेनं घासा आणि थाळी मांडणीवर गुपचूप पालथी ठेवा. मधला चिकट ठिपका तरी राहतोच, आणि तो सापडतो नेमका आजोबांच्या वरणभाताखाली.