तीसच्या उंबरठ्याअलीकडची माणसे

गेल्या दिवाळीत साताऱ्याला गेले तेव्हा मावशी दोन उशांवर टेकून झोपत होती आणि संध्याकाळी मोजे काढल्यावर तिच्या घोट्यांवर खोल वळ उमटलेले दिसत होते. जिना चढताना ती मध्येच कठडा धरून थांबायची आणि "वय झालं गं आता," म्हणायची. एका डॉक्टरांनी टूडी इकोचा कागद पाहून पंपिंग साठ टक्के आहे, हृदय उत्तम आहे, असे सांगून तिला घरी पाठवले होते. त्याच घरात त्याच दिवसांत तरुण मंडळींचा वाद रंगला होता, तो वजन उतरवण्याच्या इंजेक्शनांवर. एकाला ती आळशी माणसाची पळवाट वाटत होती, तर दुसऱ्याला लग्नाआधीची सोय. मावशीच्या धापेचा या वादाशी काही संबंध असेल, हे कोणाच्या मनातही आले नाही.

मी ब्रिटनमधल्या लेस्टरमध्ये फार्मासिस्ट आहे. पंपिंग चांगले असूनही हृदय निकामी होते, हे मला इथल्या कामामुळे ठाऊक झाले. हृदयाचा स्नायू ताठर झाला की तो आकुंचन पावतो, पण सैल पडून पुरेसा भरत नाही; मग दाब मागे फुप्फुसांपर्यंत पोहोचतो आणि धाप लागते. वर्षानुवर्षांचा रक्तदाब आणि पोटाभोवतीची चरबी ही याची दोन मोठी कारणे आहेत. या आजारावर दीर्घकाळ एकही औषध चाचणीत ठामपणे टिकले नव्हते. 2021 मध्ये एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळीने सुमारे 6 हजार रुग्णांत हृदयविकाराने मृत्यू किंवा हृदय निकामी झाल्याने रुग्णालयात भरती होण्याचा एकत्रित धोका 21 टक्क्यांनी कमी केला, आणि मधुमेह नसलेल्यांनाही तिचा लाभ झाला. 2023 मध्ये सेमाग्लुटाइड या वजन उतरवण्याच्या इंजेक्शनाच्या, याच आजाराच्या 529 रुग्णांवरील चाचणीत वर्षभरात सरासरी 13 टक्के वजन उतरले आणि सहा मिनिटांत रुग्ण जितके चालू शकत, ते अंतर नुसते पाणी टोचलेल्यांच्या तुलनेत सुमारे 20 मीटरने वाढले. ज्याला स्वयंपाकघरातून अंगणात जाताना थांबावे लागते, त्याच्यासाठी 20 मीटर खूप असतात. 2024 मध्ये टिर्झेपेटाइड या तशाच इंजेक्शनाच्या 731 रुग्णांवरील चाचणीत हृदयविकाराने मृत्यू किंवा आजार बळावण्याचे प्रमाण नुसते पाणी टोचलेल्यांत 15.3 टक्के, तर औषध घेतलेल्यांत 9.9 टक्के होते. हा फायदा आजार बळावणे टळल्याचा होता, मृत्यू कमी झाल्याचा नव्हे, हेही सांगितले पाहिजे.

मात्र या दोन्ही इंजेक्शनांच्या चाचण्यांत प्रवेशासाठी बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, किमान 30 असण्याची अट होती, आणि सेमाग्लुटाइडच्या चाचणीतले सुमारे 96 टक्के रुग्ण गोरे होते. भारतात लठ्ठपणा 25 पासून मानला जातो, आणि त्यामागे कारण आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये स्वतःचीच मोजमापे छापली: दोघांचा बीएमआय 22.3, पण युडकिनांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के. मावशीचा बीएमआय 27 आहे. इथल्या नियमांत दक्षिण आशियाई माणसासाठी उंबरठा अडीच अंकांनी खाली आणतात. ती दुरुस्ती योग्यच आहे, पण ती कागदावरची आहे. औषधाचा पुरावा तिने तयार होत नाही.

म्हणून मला वाटते, इंजेक्शन चांगले की वाईट या वादात घालवलेला वेळ पंचवीस ते तीसमधल्या, धाप लागणाऱ्या भारतीय रुग्णांवरील चाचणीच्या मागणीसाठी लावावा. ते अशक्य नाही. रक्तदाबाची दोन औषधे एकत्र असलेल्या गोळ्यांची अलीकडची चाचणी भारतातल्याच 32 रुग्णालयांत 1,981 रुग्णांवर झाली. शिवाय सेमाग्लुटाइडच्या भारतातील पेटंटची मुदत मार्च 2026 पर्यंतचीच, त्यामुळे औषधाचा खर्च ही सबबही उरत नाही. एम्पाग्लिफ्लोझिनचे पेटंट मार्च 2025 मध्ये संपले आणि साठ रुपयांच्या आसपासची गोळी दहा रुपयांच्या आत आली. ब्रिटनचे सगळेच अनुकरणीय आहे, असेही मी म्हणणार नाही. इथल्या सरकारी आरोग्यसेवेने जून 2025 पासून टिर्झेपेटाइड द्यायला सुरुवात केली, ती आधी बीएमआय 40 किंवा अधिक आणि सोबत वजनाशी निगडित किमान चार आजार असलेल्या रुग्णांपासून. बाकीचे थांबतात किंवा पदरचे पैसे मोजतात.

इथली एक गोष्ट मात्र मला साताऱ्यात हवी आहे. चाळिशी ओलांडलेला आणि रक्तदाबाचे निदान न झालेला कोणीही आमच्या औषधांच्या दुकानात येऊन फुकट रक्तदाब मोजून घेऊ शकतो. बाही वर सरकवायची, पाच मिनिटे न बोलता बसायचे, दोनदा मोजायचे. काही त्रास नसलेल्या माणसाचा आकडा 170 निघाला, असे मी स्वतः पाहिले आहे. भारतातही 2017 मध्ये सुरू झालेल्या रक्तदाब नियंत्रण उपक्रमात पहिल्या जिल्ह्यांमध्ये भंडारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा यांच्यासोबत सातारा होता. तरीही मावशीने आकडा चांगला आला म्हणून गोळी दोन वर्षे बंद ठेवली होती, आणि तिला कोणी विचारले नव्हते.

जानेवारीत दुसऱ्या डॉक्टरांनी रक्ताची तपासणी करून तिला बीपीची गोळी पुन्हा सुरू केली, लघवीची गोळी दिली आणि एम्पाग्लिफ्लोझिन जोडले. आता ती एका उशीवर झोपते. इंजेक्शनाबद्दल मी फोनवर विचारले तेव्हा ते म्हणाले, "तुमच्या मावशींच्या वजनाची माणसं त्या चाचण्यांमध्ये नव्हती, त्यामुळे मी हो म्हणू शकत नाही आणि नाहीही म्हणू शकत नाही."