घोडा पळवू दिला नाही, हे खरं आहे

नमस्कार ताई,

आमच्या घोडेस्वारीबद्दल तुम्ही टाकलेल्या रिव्ह्यूच्या उत्तराला चार दिवस लागले. पहिल्या रात्री लिहिलेलं पोराला वाचून दाखवलं, तर तो म्हणाला, "बाबा, हे टाकू नका." म्हणून हे दुसरं.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: तासाचे पैसे घेऊन पस्तीस मिनिटांत उतरवलं, मिस्टरांना वजनावरून चारचौघांत नाकारलं, आमचा माणूस सगळा वेळ बागडोर, म्हणजे घोड्याची दोरी, धरून पुढं चालत राहिला, घोडी उपाशी दिसली. आणि बालीला तुम्ही समुद्राच्या काठानं घोडा पळवलात, इथं सोलापूरजवळच्या हिप्परग्याच्या तळ्यात तेवढंच सपाट मैदान समोर असून आम्ही नाही म्हणालो.

आधी मिस्टरांचं. ती चूक आमची, तिला कारण जोडत नाही. वजनाची अट फोनवर बुकिंग घेतानाच सांगायला हवी होती. ती सांगितली नाही आणि पागेत आल्यावर पोरानं "साहेब, तुम्ही नाही बसायचं" असं सगळ्यांदेखत म्हटलं. मी तिथं असतो तर बाजूला घेऊन बोललो असतो. मिस्टरांची मनापासून माफी मागतो. त्यांचे 600 रुपये त्याच वेळी परत द्यायला हवे होते, ते आज पाठवतोय.

अट मात्र राहणार. आमचा सगळ्यात मोठा घोडा राजा. उसाच्या गाड्या जिथं तोलतात त्या वजनकाट्यावर नेऊन त्याला तोललाय, 430 किलो भरला. घोड्याच्या पाठीवर त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त ओझं नको, हा जाणकारांचा साधारण हिशोब. म्हणजे 86 किलो. त्यातून खोगीर, रिकिबी, तंग यांचे 9 गेले, राहिले 77. आम्ही 75 ला थांबतो. मिस्टरांनी स्वतःच 94 सांगितलं. "वरातीत तर याहून जाड नवरदेव बसतात" असं ते म्हणाले, तेही खरं. माझ्या वडिलांचा धंदा वरातीच्या घोड्यांचाच होता. डीजेच्या भिंतीपुढं तासन् तास उभ्या राहिलेल्या जनावराची पाठ रात्री खोगीर उतरवल्यावर कशी दिसते ते मी लहानपणापासून बघितलंय. म्हणून तर तो धंदा सोडला.

आता पळवण्याचं. बाली मी पाहिलेलं नाही, पण मुरुडच्या किनाऱ्यावर उभा राहिलोय. भरती ओसरल्यावर ओली वाळू घट्ट असते, तरी टापेखाली जराशी दबते. तिथं घोडा पळतो, त्याला आवडतंही. तुम्ही ज्याला मैदान म्हणताय तो आमच्या तळ्याचा तळ आहे. मार्चअखेर पाणी मागं हटतं आणि लांबून किनाऱ्यासारखंच दिसतं, यात तुमची चूक नाही, फोटोत मलाही तसंच वाटतं. पण ती काळी माती आहे. भिजली की फुगते, वाळली की आक्रसते, आणि मग तिला अशा भेगा पडतात की हाताचा पंजा आत जावा. वरची खपली कडक, खाली कुठं कुठं अजून गाळ ओला. धावत्या घोड्याचा पुढचा पाय तशा भेगेत गेला तर नळीचं हाड मोडतं. आणि घोड्याचा पाय तिथं मोडला की बहुतेकदा घोडाच जातो. एवढं वजन तीन पायांवर महिनोन् महिने पेलवत नाही, त्याला माणसासारखं खाटेवर निजवून ठेवता येत नाही. वरचा माणूस कुठं पडेल ते वेगळंच. म्हणून आमची वाट माळावरच्या मुरमाची, आणि तीही चालीनं.

बागडोरीचंही तेच. तुमचा मुलगा नऊ वर्षांचा, पहिल्यांदा बसलेला. दुडकीत, म्हणजे हलक्या धावेत, घोडा उसळतो आणि त्या उसळीबरोबर उठता-बसता आलं नाही तर माणूस दर पावलाला त्याच्या पाठीवर आदळतो. ते शिकायला आठ-दहा दिवस जातात. सेल्फीसाठी तुम्ही दोनदा लगाम ओढून धरलात, तेव्हा राजानं मान झटकली ती मस्तीनं नव्हे, तोंडातली कडी टोचली म्हणून.

वेळेबद्दल मी तुमच्याशी वाद घालणार आहे. तुमची वेळ पावणेसातची होती. सिद्धेश्वराचं दर्शन आणि नाश्ता करून तुम्ही सव्वाआठला आलात. दर्शनाला कोण नाही म्हणेल? शहरातल्या तळ्याच्या पाण्यात उभं असलेलं ते मंदिर म्हणजे आम्हा सोलापूरकरांचं एकमेव बेट. पण तेवढ्यात आमच्याकडं ऊन वर येतं. दमट हवेत घोडा निथळताना दिसतो. इथल्या कोरड्या उन्हात घाम आला तसा उडून जातो, अंगावर मिठाचे पांढरे पट्टे तेवढे राहतात आणि बघणाऱ्याला वाटतं, घोडा अगदी ठीक आहे. आमचा मोतद्दार, म्हणजे घोडे सांभाळणारा माणूस, घोड्याच्या मानेची कातडी चिमटीत धरून सोडतो. ती लगेच बसली तर पुढं जायचं, रेंगाळली तर सावलीत. त्या दिवशी राजाची रेंगाळली. पस्तिसाव्या मिनिटाला उतरवलं ते त्यामुळं. एका घोड्याला दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. मी इथं टँकर घेतो. पाण्यात काटकसर होत नाही, पण उन्हात नुसतं पाणी पुरतंही नाही.

राहिली उपाशी घोडी. रिव्ह्यूत तुम्ही आम्हाला एकच चांदणी (स्टार) दिलीत, आणि जिचा फोटो टाकलात तिचंही नाव चांदणीच. अकलूजच्या बाजारातून आणलेली. अकरा महिने पोटात वागवून दोन महिन्यांपूर्वी व्यालीय, शिंगरू दिवसभर अंगाला लागलेलं असतं. फोटोत ते तिच्या मागं झाकलं गेलंय. बरगड्या दिसतात, कबूल. चंदी वाढवलीय, कडब्यासोबत हिरवा घास चालू आहे, डॉक्टर बघून गेलेत. तिच्यावर सध्या खोगीर चढत नाही. तुम्हालाही ती दिली नव्हती.

हेल्मेटला घामाचा वास होता हे बरोबर आहे. आतलं अस्तर आता रोज धुतो.

उरलेल्या पंचवीस मिनिटांचे पैसे परत करत नाही, कारण तो उशीर आमचा नव्हता. पण मुलाला पुन्हा यायचं असेल तर एक पूर्ण तास माझ्याकडून, पैसे नकोत. सव्वासहाला या. चपला नकोत, टाचेचे बंद बूट घाला. मिस्टरांनाही आणा, शिंगराला हातानं गूळ भरवायला वजनाची अट नाही.