सांधा दिसला म्हणून सोयरीक ठरत नाही

नमस्कार. मालवणच्या कातळावरच्या गुलाबी, चुनेरी शैवालांवर मी लिहिलं, त्यावर तुमचे दोन आक्षेप आहेत. सांधेवाल्या अँफिरोआला खडकावर पापुद्र्यासारख्या पसरणाऱ्या लिथोफायलमच्या कुळात बसवलं ते चूक, आणि 'जानिया' (हेही एक सांधेवालं शैवाल) म्हणून टाकलेला फोटो जानियाचा नाही.

दुसरा आधी घेतो, कारण तिथे तुमचंच बरोबर. दुफाटा फांद्यांचा गुच्छ दिसला आणि मी नाव लिहून मोकळा झालो. काल फोटो मोठा करून पाहिला: कांड्यांची (दोन सांध्यांमधल्या चुनेरी तुकड्यांची) टोकं सांध्याशी किंचित फुगलेली, आणि कांड्यांच्या अंगावर बारीक पुटकुळ्या. बीजाणूंच्या कुप्या त्या. जानियात कुपी फांदीच्या शेंड्याशी येते आणि तिच्यातूनच शिंगांसारख्या फांद्या फुटतात. म्हणजे हे अँफिरोआ फ्राजिलिसिमा. नाव बदललं आहे. (सजीवांचं वर्गीकरण करणाऱ्या लिनियसने १७५८ मध्ये कोरॅलिना या अशाच सांधेवाल्या शैवालाला चक्क प्राण्यांत टाकलं होतं, तेवढाच मला दिलासा.)

पहिल्या मुद्द्यावर मात्र मी हटणार नाही. सांधा म्हणजे चुना न भरलेली जागा, लाटेच्या माऱ्यात लवता यावं म्हणून. ही सोय या शैवालांत एकाहून अधिक वेळा स्वतंत्रपणे आली आहे. म्हणून नातं सांध्यावरून नाही, आतल्या पेशींवरून ठरवायचं. घरी करून बघा. तुकडा व्हिनेगरमध्ये बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा, मग दाढीच्या ब्लेडने उभा पातळ काप घ्या. अँफिरोआच्या कांड्यात लांब पेशींच्या काही ओळी, मग आखूड पेशींची ओळ, पुन्हा लांब. जानियात सगळ्या ओळी साधारण सारख्याच. चांगला सूक्ष्मदर्शक मिळाला तर शेजारशेजारच्या तंतूंकडे बघा: जानियात पेशींमधली भिंत विरून त्या एक होतात, अँफिरोआत भिंत टिकते आणि तिच्यात छिद्रासारखा दुवा तयार होतो. लिथोफायलममध्येही नेमकं हेच.

'डीएनए असताना हा उद्योग कशाला?' असं तुम्ही खोचकपणे विचारलंत. त्याच डीएनएच्या आधारे २००७ मध्ये हॅलिप्टायलॉन ही प्रजाती जानियात विलीन झाली, तिच्या फांद्या पिसासारख्या असूनही. फांद्यांवर विसंबायचं नाही हे त्यातूनच कळतं, आणि फोटोत मी विसंबलो ते फांद्यांवरच. अँफिरोआ आणि लिथोफायलमचं नातं मात्र डीएनएने मोडलेलं नाही, उलट पक्कं केलं. ओहोटीच्या वेळी खळग्याशी बसलेल्याच्या हातात डीएनए यंत्र नसतं, भिंग असतं. पुटकुळ्या भिंगातून दिसतात.

तुमच्याकडे त्याच कातळावरचे फोटो असतील तर पाठवा. कुप्या दिसतील इतके जवळचे हवेत.