‘अवकाश मोहिमांत राजकारण आणू नका’ म्हणणाऱ्यांना उत्तर

चांद्रयान-3 चंद्रावर उतरल्यापासून पुण्यातल्या गृहसंस्थांच्या आणि माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश अधूनमधून फिरत असतो. जून 2025 मध्ये शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर गेले, तेव्हा त्याला पुन्हा नव्याने पाय फुटले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : अवकाश संशोधन हे शुद्ध विज्ञान आहे, अमेरिका चंद्रावर गेली ती मानवी जिज्ञासेपोटी, भारताचा कार्यक्रम शास्त्रज्ञांनी राजकारण्यांना चार हात दूर ठेवून उभा केला, अवकाशात देशांच्या सीमा गळून पडतात, आणि म्हणून या मोहिमांचा खर्च किंवा वेळापत्रक यांविषयी प्रश्न विचारणे हा शास्त्रज्ञांचा अपमान आहे. संदेशामागची भावना प्रामाणिक असेल. त्यातले एकही विधान मात्र इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही, आणि शेवटचे तर घातक आहे.

अमेरिकेच्या जिज्ञासेपासून सुरुवात करू. 12 एप्रिल 1961 रोजी सोव्हिएत अंतराळवीर युरी गागारिन पृथ्वीप्रदक्षिणा करून परतला. त्यानंतर पाचच दिवसांनी क्यूबात बे ऑफ पिग्जच्या किनाऱ्यावर अमेरिकेने घडवून आणलेली स्वारी सुरू झाली आणि तीन दिवसांत तिचा बोजवारा उडाला. 20 एप्रिलला अध्यक्ष केनेडी यांनी उपाध्यक्ष जॉन्सन यांना एक छोटे टिपण पाठवले. चंद्राची उत्पत्ती, तिथले खडक, सूर्यमालेचा इतिहास यांबद्दल त्यात एक शब्दही नव्हता. अवकाशात प्रयोगशाळा ठेवणे, चंद्राला वळसा घालणे, चंद्रावर रॉकेट उतरवणे, माणूस नेऊन सुखरूप परत आणणे, यांपैकी कशात आपण सोव्हिएतांवर मात करू शकू, आणि डोळ्यांत भरेल असा विजय देणारा दुसरा एखादा कार्यक्रम आहे काय, अशी ती विचारणा होती. म्हणजे जिंकायचे हे आधी ठरले आणि चंद्र नंतर निवडला गेला. 25 मे रोजी अमेरिकी संसदेपुढे घोषणा झाली. पुढे नोव्हेंबर 1962 मध्ये नासाचे प्रमुख जेम्स वेब ‘अवकाशाचे व्यापक ज्ञान’ हे उद्दिष्ट पुढे करू लागले, तेव्हा आपल्याला अवकाशात तितकासा रस नाही असे केनेडी यांनी स्पष्ट सुनावले. त्या बैठकीचे ध्वनिमुद्रण आज उपलब्ध आहे.

यावर कोणी म्हणेल की, हेतू काहीही असो, काम तर विज्ञानाचेच झाले. काही अंशी ते खरे आहे. अपोलो मोहिमांनी आणलेल्या 382 किलो खडकमातीवर अजूनही संशोधन चालते. पण प्राधान्यक्रम पाहा. चंद्रावर चाललेल्या बारा जणांत पेशाने भूवैज्ञानिक असलेला माणूस एकच, हॅरिसन श्मिट, आणि त्याला पाठवले डिसेंबर 1972 मध्ये, अगदी शेवटच्या मोहिमेत. त्याआधी 1970 मध्येच, शर्यत जिंकून वर्ष-दीड वर्ष होते न होते तोच, पुढच्या तीन नियोजित मोहिमा रद्द झाल्या होत्या. साठच्या दशकाच्या मध्याला संघराज्याच्या खर्चाचा चार टक्क्यांहून अधिक वाटा घेणारी नासा नंतर झपाट्याने आटली. गरज सरो, वैद्य मरो! जिज्ञासा हेच कारण असते, तर ती इतक्या वक्तशीरपणे संपली नसती.

आता आपल्याकडे वळू. भारताच्या अवकाश कार्यक्रमाचे जनक विक्रम साराभाई यांचे नाव या संदेशात हमखास येते. चंद्रावर जाण्याच्या बाबतीत श्रीमंत देशांशी स्पर्धा करण्याच्या कल्पनेत आम्ही रमत नाही, प्रगत तंत्रज्ञान समाजाच्या खऱ्या प्रश्नांना लावण्यात मात्र कोणाच्या मागे राहणार नाही, असे ते म्हणत. हे उद्गार राजकारणापासून दूर राहण्याचा पुरावा म्हणून दिले जातात. वस्तुतः तो गरीब देशाच्या तिजोरीतून पैसा का द्यावा याचा राजकीय युक्तिवाद होता, आणि तो यशस्वीही झाला. 1962 साली अणुऊर्जा खात्याच्या छत्राखाली अवकाश संशोधनासाठी समिती नेमली गेली. 21 नोव्हेंबर 1963 रोजी केरळातल्या थुंब्याहून पहिले रॉकेट उडाले ते अमेरिकी बनावटीचे होते. त्याच तळाला फ्रान्सचे आणि सोव्हिएत संघाचेही साहाय्य होते, आणि 1968 मध्ये इंदिरा गांधींनी तो संयुक्त राष्ट्रांना अर्पण केला. तिन्ही घरी पंगत साधण्याची ही कला म्हणजेच अलिप्ततावादी परराष्ट्र धोरण होते. 1972 मध्ये अवकाश विभाग स्थापन झाला तोही थेट पंतप्रधानांच्या अखत्यारीत. 1975 साली भारताचा पहिला उपग्रह ‘आर्यभट’ सोव्हिएत रॉकेटवरून गेला. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत घडलेले राकेश शर्मा 1984 साली सोव्हिएत यानातून गेले आणि तिथून पंतप्रधानांशी बोलले, तो संवाद देशाने दूरचित्रवाणीवर पाहिला. राजकारण चार हात दूर होते म्हणावे, तर ते नेमके कुठे उभे होते?

याहून बोलके उदाहरण क्रायोजेनिक, म्हणजे अतिशीत द्रव इंधनावर चालणाऱ्या, रॉकेट इंजिनाचे आहे. 1991 साली इस्रोने सोव्हिएत संस्थेशी इंजिने आणि त्यांचे तंत्रज्ञान घेण्याचा करार केला. क्षेपणास्त्र तंत्रज्ञानाच्या प्रसाराचे कारण देऊन अमेरिकेने मे 1992 मध्ये दोन्ही संस्थांवर निर्बंध घातले. 1993 साली रशियाने तंत्रज्ञान देण्यातून अंग काढून घेतले, तयार इंजिने तेवढी देऊ केली, आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या अवकाश स्थानकात रशियाला भागीदारी मिळाली. ज्या स्थानकाकडे आज सीमांपलीकडच्या मैत्रीचे प्रतीक म्हणून बोट दाखवले जाते, त्याच्या जन्मकथेत भारताला नाकारलेले हे तंत्रज्ञानही आहे. स्वदेशी क्रायोजेनिक इंजिनावर जीएसएलव्ही या इस्रोच्या रॉकेटचे पहिले यशस्वी उड्डाण व्हायला जानेवारी 2014 उजाडले.

चांद्रयान-1 ची घोषणा 15 ऑगस्ट 2003 रोजी वाजपेयींनी लाल किल्ल्यावरून केली. 2008 साली त्या यानातून दोन अमेरिकी उपकरणे गेली, तेव्हा इस्रोच्या काही संस्था अमेरिकेच्या निर्यातबंदीच्या यादीत अजूनही होत्या. त्या 2011 साली वगळल्या गेल्या. त्या यानातून सोडलेल्या, जेमतेम 35 किलोंच्या आघातकाच्या बाजूंवर तिरंगा रंगवलेला होता आणि तो चंद्रावर आदळला ती तारीख होती 14 नोव्हेंबर, नेहरूंची जयंती. त्या जागेला जवाहरलालांचे नाव चिकटले. 2023 साली पंतप्रधान मोदी यांनी चांद्रयान-3 च्या जागेला ‘शिवशक्ती’ आणि चांद्रयान-2 जिथे कोसळले त्या जागेला ‘तिरंगा’ अशी नावे दिली. सत्तेवर कोण आहे हे चंद्राच्या नकाशावरून ओळखता यावे, अशी ही परंपरा दोन्ही बाजूंनी निष्ठेने चालवली आहे. (श्रेयाच्या ओढाताणीत दोन्हीकडचे समर्थक एवढेच विसरतात की, आपला नेता त्यात आहे हे सांगताना ते राजकारण आहे हेही कबूल करत असतात.)

‘सीमा गळून पडतात’ या विधानासाठी लांब जायला नको, जुन्नर तालुक्यातल्या खोडदपर्यंत गेले तरी पुरे. ऑक्टोबर 2016 मध्ये युरोपचे ‘स्कियापारेल्ली’ यान मंगळाच्या वातावरणात शिरले, तेव्हा त्याचा क्षीण संदेश तिथल्या विशाल दुर्बिणीने, म्हणजे जीएमआरटीने टिपला. यान मात्र आदळून फुटले. ती मोहीम युरोप आणि रशिया यांची संयुक्त होती. तिचा दुसरा टप्पा, रोझालिंड फ्रँकलिन ही बग्गी, सप्टेंबर 2022 मध्ये रशियन रॉकेटवरून निघायची होती. फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर आक्रमण केले, मार्चमध्ये युरोपने सहकार्य थांबवले आणि बग्गी जमिनीवरच राहिली. त्याच भांडणात वनवेब या उपग्रह-इंटरनेट कंपनीचे 36 उपग्रह बैकानूरच्या रशियन प्रक्षेपण तळावर अडकले, आणि पुढच्या खेपांपैकी दोन खेपांचे काम इस्रोकडे आले. ऑक्टोबर 2022 आणि मार्च 2023 मध्ये इस्रोच्या एलव्हीएम-3 रॉकेटने कंपनीचे 72 उपग्रह वर नेले. चांद्रयान-3 नेणारे रॉकेट याच जातीचे. चीनशी थेट सहकार्य करण्यास नासाला 2011 पासून कायद्यानेच मज्जाव आहे. शुक्लांच्या उड्डाणामागेही जून 2023 मधली वॉशिंग्टन भेट आहे. भारताने चंद्रमोहिमांतल्या सहकार्याविषयीच्या, अमेरिकेच्या पुढाकाराने झालेल्या आर्टेमिस करारावर सही केली ती त्याच भेटीत, आणि भारतीय अंतराळवीर स्थानकावर नेण्याचे ठरले तेही तिथल्याच संयुक्त निवेदनात.

यात शास्त्रज्ञांचा उणेपणा कुठेही नाही. पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत सूर्याची अतिनील छायाचित्रे घेणारी दुर्बीण घडवणाऱ्यांना सूर्यच हवा होता. ती आदित्य-एल1 या भारताच्या सौरयानावरून गेली, कारण राज्यसंस्थेला स्वतःच्या कारणांसाठी रॉकेट हवे होते. दोन हेतू एकाच यानात बसू शकतात. त्यांची गल्लत केली की मग शेवटचा, प्रश्न न विचारण्याचा मुद्दा खरा वाटू लागतो.

गगनयान या भारताच्या मानवी अवकाशयात्रेच्या कार्यक्रमाचेच पाहा. भारतीय अंतराळवीर 2022 पर्यंत, स्वातंत्र्याची पंचाहत्तरी पूर्ण होण्याच्या सुमारास, अवकाशात जाईल असे 15 ऑगस्ट 2018 रोजी लाल किल्ल्यावरून जाहीर झाले. ती तारीख उत्सवाच्या दिनदर्शिकेतून आली होती. 2022 उलटून गेले. सप्टेंबर 2024 मध्ये मंत्रिमंडळाने कार्यक्रमाची व्याप्ती वाढवून एकूण तरतूद 20,193 कोटी रुपयांवर नेली. उशीर झाला तो बहुधा योग्यच. माणूस बसवायच्या यानाला घाई परवडत नाही. पण तारीख कोणी ठरवली, ती ठरवताना अभियंत्यांचे मत काय होते आणि वाढीव रकमेतून नेमके काय उभे राहणार, हे प्रश्न बंगळुरूच्या किंवा तिरुवनंतपुरमच्या अभियंत्याला विचारायचे नाहीत. ते खात्याच्या मंत्र्याला विचारायचे आहेत, आणि अवकाश विभागाचे मंत्री पंतप्रधान स्वतः आहेत. या खात्याच्या अनुदानाच्या मागण्या संसदेच्या स्थायी समितीपुढे दरवर्षी येतात. पुण्याचा खासदारही तिथल्या सभागृहात बसतो, आणि त्याच्याकडे हे प्रश्न पोहोचवायला रॉकेटचे ज्ञान लागत नाही.