गीझरला माझं लोकेशन कशाला हवंय

सॉफ्टवेअरमधे काम करणाऱ्या माणसाबद्दल लोकांचा एक पक्का गैरसमज असतो की ह्याला घरातली प्रत्येक गोष्ट मोबाईलवरून चालवायला आवडत असणार. खरं तर नेमकं उलट असतं. सॉफ्टवेअर कसं तयार होतं, शुक्रवारी संध्याकाळी कुठल्या घाईत काय ढकललं जातं हे ज्याने डोळ्यांनी बघितलंय तो माणूस घरात शक्यतो बटणवाल्या वस्तूच ठेवतो. आमच्या टीममधे एकजण आहे, दिवसभर पेमेंटचं सॉफ्टवेअर लिहितो आणि भाजीला जाताना खिशात सुट्टे पैसे घेऊन जातो. का रे बाबा असं विचारलं की नुसता हसतो.

पण हे सासरवाडीला कोण समजावणार! आम्ही नाशिकला नव्या घरात राहायला आलो तेव्हा वास्तुशांतीला मेहुण्याने गीझर दिला. "दाजी, साधा पण होता हो, स्वस्तात होता, पण म्हटलं दाजी आयटीतले, त्यांना साधा कसा द्यायचा? हा स्मार्ट आहे, वायफायवर चालतो." मी हसून थँक्यू म्हटलं, बायकोने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि लगेच दुसरा विषय काढला.

आता गीझर म्हणजे असतं काय? एक टाकी, आत एक कॉइल आणि एक थर्मोस्टॅट. पाणी ठरलेल्या तापमानाला गेलं की थर्मोस्टॅट करंट तोडतो, गार झालं की परत जोडतो. टाकी १५ लिटरची, कॉइल २ किलोवॅटची, थंडीतलं नळाचं पाणी २० डिग्री धरा आणि ते ६० पर्यंत न्या, साधारण २१ मिनिटं लागतात, हे गणित दहावीचं विशिष्ट उष्माधारकतेचं सूत्र आठवत असेल तर कुणालाही जमेल. ह्या सगळ्या प्रकारात ईमेल आयडी कुठेच लागत नाही. आमच्या आजीकडे तांब्याचा बंब होता, मधल्या नळकांड्यात लाकडाचे ढलपे आणि नारळाच्या शेंड्या घालायच्या, वरून गार पाणी ओतलं की तोटीतून गरम पाणी येणार, ओतलं नाही तर येणार नाही, विषय संपला. बंबाला काही सांगायचं असलं तर तो धूर सोडायचा. अख्ख्या वाड्याला कळायचं. पण त्या धुराने कधी कुणाची जन्मतारीख विचारली नाही.

आमच्या गीझरने विचारली.

म्हणजे झालं असं की भिंतीवर बसवायला जो टेक्निशियन आला तो ड्रिल मशीन बाजूला ठेवायच्या आधीच म्हणाला, सर ॲप डाउनलोड करून घ्या, त्याशिवाय वॉरंटी रजिस्टर होत नाही. ॲप शंभर एमबीच्या वर. पाणी तापवायला. मग परवानग्या: लोकेशन द्या, कॉन्टॅक्ट द्या, नोटिफिकेशन द्या. लोकेशनचं मी एक वेळ समजू शकतो कारण अँड्रॉइडच्या सहाव्या आवृत्तीपासून अकराव्यापर्यंत ब्लूटूथवर गीझरसारखी आजूबाजूची उपकरणं शोधायची तर लोकेशनची परवानगी घ्यावीच लागायची, आसपास कुठली उपकरणं आहेत त्यावरून माणूस कुठं आहे ते काढता येतं म्हणून तो नियम होता. २०२१ मधे बारावी आवृत्ती आली आणि ह्या कामासाठी वेगळी परवानगी मिळाली. माझा फोन त्यानंतरचा आहे, पण ॲप लिहिणाऱ्याला ते कुणी सांगितलेलं दिसत नाही किंवा सांगितलं असेल आणि त्याने ते सोयीस्कर विसरलं असेल. पण कॉन्टॅक्ट? आई शेजारी उभी राहून बघत होती, ती म्हणाली, "अरे हा गीझर फोन कुणाला करणारे?"

नाव, मोबाईल, जन्मतारीख, स्त्री की पुरुष, लग्नाचा वाढदिवस. मग ओटीपी. मग पासवर्ड, त्यात एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह पाहिजेच. ह्या चिन्हाच्या प्रकरणाचा उगम मला माहिती आहे म्हणून जास्त राग येतो. २००३ मधे अमेरिकेतल्या एनआयएसटी ह्या सरकारी संस्थेत बिल बर नावाच्या गृहस्थांनी पासवर्डबद्दलची मार्गदर्शक सूचना लिहिली, त्यातून हे असले नियम जगभर पसरले, आणि २०१७ मधे त्यांनी स्वतःच सांगितलं की आपण जे लिहिलं त्यातल्या बऱ्याचशा गोष्टींचा आता पस्तावा होतो. त्याच वर्षी संस्थेनेही सूचना बदलल्या, की चिन्हाची सक्ती नको, उगाच दर काही महिन्यांनी पासवर्ड बदलायला लावू नका. लिहिणारा पस्तावला, संस्था सुधारली, आमचा गीझर मात्र अजून २००३ मधेच आंघोळ करतोय.

पुढे वायफाय. असल्या वस्तूंमधे जी चिप असते ती बहुतेक वेळा फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वायफाय लहरींवर चालते, कारण ती स्वस्त पडते आणि त्या लहरी भिंतीतून बऱ्यापैकी आरपार जातात. घरातला राऊटर मात्र २.४ आणि ५ दोन्ही एकाच नावाखाली दाखवतो, फोन जाऊन ५ वर बसतो आणि बाथरूममधून गीझर २.४ वर हाका मारत राहतो, दोघांची गाठच पडत नाही. ॲप म्हणतं, काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा. काय चुकलं ते सांगणार नाही! मी फोन घेऊन बाथरूम, पॅसेज, हॉल अशा फेऱ्या मारतोय, टेक्निशियन स्टुलावर बसून चहा पितोय, शेवटी राऊटरमधे जाऊन पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क असतं ते २.४ वर चालू केलं आणि गीझरला त्यावर घेतलं. घरी आलेला हा पहिला पाहुणा जो बाथरूममधून बाहेरच येत नाही.

आता मला सांगा, माझी सगळी नोकरी ह्याच धंद्यात झालीय, मला एवढा वेळ लागला. ज्या घरात दोघंच म्हातारी माणसं आहेत आणि मुलगा कॅनडात आहे त्यांनी काय करायचं? उत्तर मला माहितीय, ते टेक्निशियनला त्यांचा फोन देतात, तो स्वतःच पासवर्ड टाकतो आणि निघून जातो.

खरी मजा डिसेंबरात आली. नाशिकची थंडी म्हणजे निफाडचा पारा उतरला की पेपरात द्राक्षबागेतल्या शेकोट्यांचे फोटो येतात तसली. आई पहाटे पाचला उठते आणि उठल्या उठल्या भिंतीवरचं बटण खाली करते. आयुष्यभर तेच केलंय तिने. आंघोळ झाली की बटण वर, कारण चालू राहिलं की लाईटबिल येतं. आणि स्मार्ट वस्तूला नेमकं हेच चालत नाही, तिला भिंतीवरचं बटण कायम चालू पाहिजे, नाहीतर ती ऑफलाईन जाते, आणि परत बटण दाबलं तरी आपली स्टँडबायमधे ॲपची वाट बघत बसते. म्हणजे बटण दाबून चालू होणारी वस्तू घेऊन तिला बटणाची ॲलर्जी करून ठेवली आणि त्याचे जास्तीचे पैसे घेतले.

त्या दिवशी आईने मला उठवलं. "अरे, निळा लाईट लुकलुकतोय आणि पाणी बर्फासारखं आहे." मी ॲप उघडलं तर त्यावर लिहिलेलं, फर्मवेअर अपडेट होत आहे, कृपया वीजपुरवठा बंद करू नका.

"काय करतोय तो?"

"अपडेट होतोय, आई."

"म्हणजे?"

"म्हणजे नवीन काहीतरी शिकतोय."

"पाणी तापवायला शिकतोय का? मग होऊ दे."

आईने गॅसवर पातेलं ठेवलं. तासाभराने गीझर शिकून बाहेर आला. नवीन काय आलं ते वाचलं, तर 'किरकोळ दुरुस्त्या आणि सुधारणा', आणि ॲपमधे खाली एक नवीन टॅब होता ज्यात वॉटर प्युरिफायर विकायला ठेवले होते.

मग सुरू झाल्या नोटिफिकेशन. 'शुभ सकाळ! आज गरम पाण्याने दिवसाची सुरुवात करा.' 'बरेच दिवसात तुम्ही ॲप उघडलं नाही, सगळं ठीक आहे ना?' अरे ठीक आहे म्हणूनच उघडलं नाही! एकदा तर एक्स्टेंडेड वॉरंटीचं पॉपअप आलं, त्यात केशरी रंगाचं मोठं बटण, 'हो, माझं कुटुंब सुरक्षित ठेवा', आणि खाली करड्या रंगात, चष्मा लावूनसुद्धा दिसणार नाही असं, 'नको, मला धोका चालेल'.

ह्या प्रकाराला नाव आहे. हॅरी ब्रिग्नल नावाच्या ब्रिटिश डिझायनरने २०१० मधे असल्या सगळ्या चलाख्यांना डार्क पॅटर्न म्हणायला सुरुवात केली, आणि आपल्याकडेसुद्धा केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मधे त्यातले १३ प्रकार यादी करून मना केलेत. माणसाला लाजवून हो म्हणायला लावणं हा त्यातला एक, त्याचं उदाहरण म्हणून विमानाचं तिकीट काढताना विमा नको म्हणणाऱ्याकडून 'मी असुरक्षित राहीन' असं वदवून घेणं दिलंय. सारखी कटकट करणं हाही त्यातलाच एक प्रकार. नियम वाचताना मला वाटलं ही मंडळी आमच्या बाथरूममधे येऊन गेली की काय.

पण नियमांनी काय होतंय, मी आतला माणूस आहे, मला माहितीय हे कुठून येतं. कुणी दुष्ट माणूस बसून हे करत नाही. सोमवारी मीटिंग असते, स्क्रीनवर आलेख असतो, त्यावर रोज किती लोकांनी ॲप उघडलं हा आकडा असतो, आणि तो आकडा वर गेला तर कुणाचं तरी अप्रेझल चांगलं होतं. गीझरचं ॲप लोकांनी रोज कशाला उघडायचं हा प्रश्न तिथं कुणी विचारत नाही, विचारला तर तुम्ही निगेटिव्ह. वस्तूचं काम झालं का हे मोजायला अवघड, माणूस किती वेळा आला हे मोजायला सोपं, म्हणून सगळे तेच मोजतात आणि मग तेच वाढवत बसतात. माझं मत विचाराल तर गीझरचं ॲप वर्षात एकदाही उघडावं लागलं नाही तर त्या टीमला पेढे वाटले पाहिजेत.

आणि नुसती कटकट असती तरी चाललं असतं. २०१३ मधे अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने एका टॉर्चच्या ॲपला पकडलं होतं. टॉर्च! ज्याला एकच काम, उजेड पाडायचा. ते ॲप लोकांचं लोकेशन आणि फोनचा ओळख क्रमांक जाहिरातवाल्यांना देत होतं. त्याच्या दहा वर्षं आधी, २००३ मधे, नोकियाचा ११०० आला होता, त्यात टॉर्च होता, दाबला की लागायचा, आणि तो कुणाला काही सांगायचा नाही.

बरं ह्या स्मार्ट वस्तूंचं सगळं कंपनीच्या सर्व्हरवर, म्हणजे तिकडच्या कॉम्प्युटरवर अवलंबून. रिवॉल्व नावाचा घरातली उपकरणं चालवणारा एक डबा अमेरिकेत साधारण ३०० डॉलरला विकला गेला, पुढे ती कंपनी नेस्ट नावाच्या दुसऱ्या कंपनीने विकत घेतली आणि मे २०१६ मधे सर्व्हर बंद केला, लोकांनी पैसे मोजून घेतलेले डबे एका दिवसात मुके झाले. बंब बंद पडायला कधी कंपनी विकली जावी लागली नव्हती.

चांगलं होतच नाही असं नाही हां. वीएलसी बघा. पॅरिसच्या कॉलेजातल्या पोरांच्या प्रोजेक्टमधून निघालेला व्हिडिओ प्लेअर, त्यावर तो केशरी शंकू, लग्नाची सीडी असो नाहीतर कुठून तरी आणलेली अर्धवट फाईल असो, मुकाट्याने लावतो. लॉगिन नाही, जाहिरात नाही, पिक्चर संपल्यावर पाच स्टार मागत नाही. कोट्यवधी लोक वापरतात आणि त्यांच्यापैकी कुणाचाही लग्नाचा वाढदिवस त्याला माहिती नाही.

असो. आमच्या गीझरचं शेवटी असं झालं की कोपऱ्यावरचा इलेक्ट्रिशियन आला, झाकण उघडलं, ती वायफायची पाटी काढून माझ्या हातात दिली आणि तिथं साधा थर्मोस्टॅट आणि जास्त तापलं तर तोडणारा कटआउट बसवून दिला. म्हणाला, "वॉरंटी गेली बरं का साहेब." म्हटलं जाऊ दे, ती माझ्या जन्मतारखेवर उभी होती. "थंडीत असे बरेच काढतो," एवढं बोलून गेला. आता आई पाचला बटण खाली करते आणि सव्वापाचनंतर बादलीतून वाफ येते.

फक्त एक विसरलो होतो. दोन दिवसांनी पुण्याहून मेहुण्याचा फोन. "दाजी, तुमचा गीझर ऑफलाईन दाखवतोय, सगळं ओके ना?" म्हणजे ह्या गड्याने देतानाच बॉक्सवरचा कोड स्कॅन करून स्वतःला फॅमिली मेंबर म्हणून घेतलं होतं! आमच्याकडे कोण किती वाजता आंघोळ करतं हे त्याला पुण्यात बसून महिनाभर कळत होतं. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणूनच परवा विचारत होता, रविवारी तुम्ही अकराला उठता का म्हणून."

ह्या सगळ्याचा परिणाम असा झाला की ऑफिसात मी जरा जास्तच बोलायला लागलोय. आम्ही सध्या दवाखान्याच्या अपॉइंटमेंटचं ॲप करतोय. मी सुचवलं की उघडल्या उघडल्या पहिल्या स्क्रीनवर मोठ्या अक्षरात फक्त दोन आकडे दाखवू, आत कितवा नंबर चालू आहे आणि तुमचा कितवा. लॉगिन नको, फोटोंची पट्टी नको, आरोग्याच्या टिपा तर नकोच नको.

मॅनेजर म्हणाला, "मग युजर ॲपमधे थांबेल कशाला?"

"थांबूच नये, त्याला ताप आलाय."

त्याने खरंच थोडा वेळ विचार केला. मला वाटलं पटलं. मग म्हणाला, "करेक्ट आहे तुझं. ताप आलेल्यांचं वेगळं सेक्शन करूया का? थर्मामीटरच्या जाहिराती चांगल्या जातील."