नवा कोच कोण, हा प्रश्न जरा मागे ठेवा

जानेवारीत एनएफएलचा साखळी हंगाम संपतो आणि दुसऱ्याच दिवशी, तिकडे ज्याला 'ब्लॅक मंडे' म्हणतात त्या सोमवारी, हेड कोचना नारळ मिळायला सुरुवात होते. संध्याकाळपर्यंत चाहत्यांच्या भिंतींवर नावांच्या याद्या लागतात. अमका ऑफेन्सचा, म्हणजे चढाईचा, जादूगार आहे, तमका शिस्तीचा आहे, तो आला की क्लबचं नशीब पालटेल वगैरे. (अमेरिकन फुटबॉलबद्दल बोलतोय. ज्यांना मेस्सीवाला फुटबॉल हवाय त्यांनी इथूनच वळावं.)

माझं म्हणणं एवढंच की गाळात रुतलेल्या संघासाठी कोचचं नाव हा दुसऱ्या-तिसऱ्या नंबरचा प्रश्न आहे. तो कोणाच्या हाताखाली येतोय, सोबत कोणाला आणतोय आणि क्वार्टरबॅक (चढाई चालवणारा, पास फेकणारा मुख्य खेळाडू) कोण, हे आधी विचारा. या तिन्हींची उत्तरं बरी असतील तर साधारण वाटणारा माणूसही चालून जातो. नसतील तर भला भला माणूस एका हंगामात आटोपतो.

आधी वरचं घर बघू. मालक, जनरल मॅनेजर (खेळाडू जमवणारा) आणि कोच या तिघांत ५३ जणांच्या अंतिम यादीवर शेवटचा शब्द कोणाचा, हे करारातच लिहिलेलं असतं. सगळ्यात वाईट मांडणी म्हणजे जुना जनरल मॅनेजर आणि नवा कोच. एकाची नोकरी आधीच काठावर, दुसऱ्याला पाच वर्षांचा करार. पहिल्याला यंदाच जिंकायचंय, दुसऱ्याला पाया घालायचाय. ड्राफ्टच्या, म्हणजे कॉलेजातले नवे खेळाडू क्रमाने निवडायच्या, रात्री दोघे एकाच टेबलाशी बसतात आणि दोन वेगळे संघ निवडतात. डेट्रॉइट लायन्सने २०२१ च्या जानेवारीत ब्रॅड होम्स हा जनरल मॅनेजर आणि डॅन कॅम्पबेल हा कोच एकाच महिन्यात घेतले. वॉशिंग्टन कमांडर्सकडे २०२३ मध्ये नवा मालक आला, हंगाम ४-१३ (चार विजय, तेरा पराभव) असा संपला, मग आधी जनरल मॅनेजर म्हणून अ‍ॅडम पीटर्स आणि त्यानंतर कोच म्हणून डॅन क्विन. पुढच्याच हंगामात १२-५ आणि थेट कॉन्फरन्सची (लीगच्या दोन गटांपैकी एकाची) अंतिम लढत.

उलटं उदाहरण कॅरोलायना पँथर्सचं. २०२३ मध्ये ड्राफ्टचा पहिला क्रमांक मिळवण्यासाठी त्यांनी शिकागोला त्या वर्षीचे ९ आणि ६१ हे क्रमांक, २०२४ चा पहिल्या फेरीचा, २०२५ चा दुसऱ्या फेरीचा क्रमांक आणि वर डी. जे. मूर हा आपला सर्वोत्तम रिसीव्हर (पास झेलणारा) दिला. त्या क्रमांकावर क्वार्टरबॅक ब्राइस यंग आला. नवा कोच फ्रँक राइक ११ सामन्यांत १-१० झाल्यावर गेला. आणि दिलेला २०२४ चा क्रमांक? ड्राफ्टमध्ये सगळ्यात वाईट संघाला पहिली निवड मिळते, आणि संघ इतका हरला की तोच पुढच्या ड्राफ्टचा पहिला क्रमांक ठरला आणि शिकागोने त्यावर केलेब विल्यम्स घेतला. कोच बदलता येतो, गेलेले क्रमांक परत येत नाहीत.

आता मुलाखती. इथे घाई नडते आणि घाई नियमांमुळेच होते. चांगले उमेदवार बहुतेक प्लेऑफमधल्या (साखळीनंतरच्या बाद फेरीतल्या) संघांचे कोऑर्डिनेटर, म्हणजे ऑफेन्स किंवा डिफेन्स (बचाव) सांभाळणारे सहायक कोच, असतात. त्यांच्याशी सुरुवातीला फक्त व्हिडिओवर बोलता येतं. दुसऱ्या क्लबच्या नोकरीत असलेल्या माणसाला प्रत्यक्ष भेटायचं तर प्लेऑफची दुसरी, डिव्हिजनल फेरी उरकेपर्यंत थांबावं लागतं. शिवाय रूनी नियम आहे. २००३ पासूनचा हा नियम आता सांगतो की हेड कोचच्या जागेसाठी अल्पसंख्याक समाजातल्या किंवा महिला अशा निदान दोन बाहेरच्या उमेदवारांची मुलाखत झालीच पाहिजे. कागदोपत्री हे सगळं ठीक आहे. पण मोकळा बसलेला जुना, नावाजलेला कोच मात्र पहिल्या आठवड्यातच समोर येऊन बसू शकतो, आणि घाबरलेला मालक त्यालाच पटकन माळ घालतो. दोन आठवडे थांबायचा धीर नसणं हे मला तरी क्लबच्या तब्येतीचं पहिलं लक्षण वाटतं.

मुलाखतीत काय विचारावं? तत्त्वज्ञान नको. 'तुमच्या संघाची संस्कृती कशी असेल' याला सगळेच घोटून पाठ केलेलं उत्तर देतात. मागायची ती यादी. हेड कोचसोबत वीस-पंचवीस माणसं तरी येतात. प्रत्येक जागेसाठी पहिलं नाव, ते न मिळाल्यास दुसरं आणि तिसरं. कारण पहिलं नाव बहुधा मिळत नाही. करारात बांधलेल्या कोऑर्डिनेटरला त्याच पदावर दुसरीकडे जायला त्याचा क्लब अडवू शकतो. हेड कोच व्हायला मात्र अडवू शकत नाही. तेव्हा 'माझा डिफेन्स अमका सांभाळेल' असं सांगणाऱ्याला लगेच विचारायचं, त्याचा करार कधी संपतो?

या यादीत मी सगळ्यात आधी ऑफेन्सिव्ह लाइनचा (क्वार्टरबॅकला राखणाऱ्या पाच जणांच्या फळीचा) कोच शोधतो. ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरचं नाव गाजतं, पण हरणाऱ्या संघाचं बहुतेक दुखणं त्या पाच जणांपाशी असतं. डावा गार्ड कधी सोडायचा, बाहेरून धावत येणाऱ्याला कोणी धरायचं, हे हुकलं की क्वार्टरबॅक अडीच सेकंदांत आडवा. मग त्याचे पाय घाबरतात, नजर मैदानावरून उतरून समोरच्या गर्दीवर जाते, आणि दोन वर्षांनी सगळे म्हणतात की पोरगा फुकट गेला. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

तरुण कोच घ्यायचा असेल तर जोडीला मुरलेला माणूस हवा. २०१७ मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सने शॉन मॅकव्हेला घेतलं तेव्हा तो ३० वर्षांचा होता. त्याने डिफेन्स ६९ वर्षांच्या वेड फिलिप्सकडे दिला आणि स्वतः ऑफेन्सकडे बघितलं. ४-१२ वाला संघ ११-५ झाला. पुढे पाचसहा क्लब 'आम्हालाही मॅकव्हे हवा' म्हणत त्याच्या हाताखालचे लोक उचलत सुटले. फिलिप्सची बाजू फारशी कोणी उचलली नाही.

दुसरा प्रश्न, प्ले (पुढची चाल) कोण सांगणार? हेड कोच स्वतः, की कोऑर्डिनेटर? हे किती जड काम आहे ते जवळून बघा. एक प्ले संपला की ४० सेकंदांचं घड्याळ सुरू होतं. क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये रेडिओ असतो आणि घड्याळात १५ सेकंद उरले की तो आपोआप बंद होतो. म्हणजे बोलायला हातात २५ सेकंद. त्यात आधीच्या प्लेला किती यार्ड मिळाले ते बघायचं, कोणते खेळाडू आत-बाहेर करायचे ते ठरवायचं, हातातल्या मोठ्या पत्र्याएवढ्या कागदावरून प्ले निवडायचा, आणि बारा-पंधरा शब्दांचं ते नाव न अडखळता सांगायचं. क्वार्टरबॅकने तेच दहा जणांना सांगायचं, रेषेवर यायचं, समोरचा डिफेन्स वाचून हवं तर बदलायचं. कोचने पाच सेकंद उशीर केला तर हे सगळं घाईत होतं. घाईतून चुकीची जागा, वाया गेलेला टाइमआउट किंवा पाच यार्डांचा दंड. आणि हे सामन्यात साठ-सत्तर वेळा. हे करता करता हेड कोचने घड्याळ, टाइमआउट, पंचांना आव्हान, चौथा डाउन (दहा यार्ड मिळवायच्या चार प्रयत्नांतला शेवटचा) हेही सांभाळायचं असतं.

डेन्व्हरने २०२२ मध्ये नॅथॅनिएल हॅकेटला आणलं. हेड कोच म्हणून पहिलीच वेळ आणि प्लेही तोच सांगणार. सिअ‍ॅटलमधला पहिलाच सामना. १७-१६ ने मागे, चौथा डाउन, पाच यार्ड हवेत, चेंडू सिअ‍ॅटलच्या ४६ यार्डवर, मिनिटभर वेळ शिल्लक आणि तिन्ही टाइमआउट हातात. संघाने घड्याळ चालू दिलं, २० सेकंद उरल्यावर टाइमआउट घेतला आणि ६४ यार्डांवरून किक मारायला किकर पाठवला. गेली डावीकडे. पगारात कोट्यवधी डॉलर घेणारा क्वार्टरबॅक बाजूला उभा राहून बघत होता. दोन सामन्यांनंतर, आधीच निवृत्त झालेल्या जेरी रॉसबर्ग या जुन्या सहायक कोचला खास घड्याळ आणि निर्णय यांच्या मदतीसाठी बोलवावं लागलं. हंगामाचे दोन सामने उरले असताना, ४-११ वर, हॅकेट गेला.

शिकागोतही तेच. २०२४ च्या थँक्सगिव्हिंगला डेट्रॉइटविरुद्ध २३-२० ने मागे, क्वार्टरबॅक पाडला गेला, घड्याळ चालू, एक टाइमआउट शिल्लक. तो घेतलाच नाही. शेवटचा पास हवेत असतानाच वेळ संपली. दुसऱ्या दिवशी हेड कोच मॅट एबरफ्लसला काढलं.

म्हणून मुलाखतीत एक हिशेबाचा प्रश्न हवाच. तिसरा डाउन, सहा यार्ड, आपल्या ४५ यार्डच्या रेषेवर, तिसरा क्वार्टर, चार गुणांनी मागे. काय करणार? ज्याला कळतं तो आधी उलट विचारतो, 'चौथ्या डाउनला आपण खेळणार आहोत का?' कारण खेळणार असू तर तिसऱ्याला सहाच्या सहा यार्ड मिळवायची गरज नाही, चार मिळाले तरी चालतील, आणि मग धावण्याचा प्लेही चालतो. निर्णय तिसऱ्या डाउनच्या आधी घ्यायचा असतो. किकरला पाठवू की नको असं चौथ्या डाउनला डोकं खाजवणारा माणूस उशिरा आलेला असतो.

पैशाबद्दल थोडं, कारण इथे चाहत्यांची गल्लत होते. कोचचा पगार सॅलरी कॅपमध्ये (खेळाडूंच्या पगारावरच्या लीगच्या मर्यादेत) मोजत नाहीत. कोच काढला तर फक्त मालकाचा खिसा हलका होतो. पण नव्या कोचची पद्धत वेगळी, म्हणून खेळाडू बदलायचे ठरवले की कॅपला भोक पडतं. समजा, चार वर्षांच्या करारात २ कोटी डॉलर बोनस आगाऊ दिला. कॅपवर तो दर वर्षी ५० लाख असा पसरतो. वर्षभरात त्या खेळाडूला काढलं तर उरलेले दीड कोटी अंगावर येतात, आणि मैदानात त्या बदल्यात कोणीच नसतं. १ जूननंतरची सुटका म्हणून दाखवली तर ओझं दोन वर्षांत वाटता येतं, एवढीच सवलत. डेन्व्हरने पुढचा कोच शॉन पेटन न्यू ऑर्लिन्सकडून ड्राफ्टचे क्रमांक मोजून आणला, आणि वर्षभरात रसेल विल्सनला, म्हणजे सिअ‍ॅटलमध्ये बाजूला उभ्या राहिलेल्या त्याच क्वार्टरबॅकला, सोडताना कॅपवर साडेआठ कोटी डॉलरचं मढं घेतलं, दोन वर्षांत विभागून. २०२४ ची अख्खी कॅप साडेपंचवीस कोटींची होती. तरीही ते त्या वर्षी १०-७ करून प्लेऑफला गेले. कारण ड्राफ्टमधून आलेला नवा क्वार्टरबॅक बो निक्स स्वस्तात खेळत होता, आणि ऑफेन्सिव्ह लाइन दणकट होती. पुन्हा तेच पाच जण.

वसंतात काय होतं तेही बघा. नव्या कोचच्या क्लबला सराव दोन आठवडे आधी सुरू करता येतो आणि एक जादा ऐच्छिक मिनीकॅम्प मिळतो. ऐकायला बरं वाटतं. पण नऊ आठवड्यांच्या या कार्यक्रमात पहिले दोन आठवडे फक्त व्यायाम आणि बैठका, पुढचे तीन समोर प्रतिस्पर्धी न ठेवता कवायती, शेवटच्या चारांत दहा सराव, तेही पॅड न घालता. नवी भाषा पाठ होते, धक्काबुक्की शिकता येत नाही. हंगाम सुरू झाल्यावर पॅड घालून सराव करायला मिळतात एकूण १४. त्यामुळे नव्या कोचचा संघ सप्टेंबरमध्ये विस्कळीत दिसला तर लगेच बोंब मारू नये. नोव्हेंबरमध्येही त्याच चुका दिसल्या तर खुशाल मारा.

मग किती वेळ द्यायचा? डेट्रॉइटच्या कॅम्पबेलचं पहिलं वर्ष ३-१३-१ (शेवटचा आकडा बरोबरीचा). आल्या आल्या पत्रकार परिषदेत 'गुडघ्याची वाटी चावू' म्हणाला, त्याची देशभर टिंगल झाली. दुसऱ्या वर्षी सुरुवात १-६. १-५ झाल्यावरच मालकीणबाई शीला हॅम्प स्वतः माध्यमांसमोर येऊन म्हणाल्या की आमचा याच्यावर विश्वास आहे. १-६ नंतरच्या दहांपैकी आठ जिंकले. मग १२-५, मग १५-२. ह्यूस्टनने याच काळात डेव्हिड कली आणि लव्ही स्मिथ यांना प्रत्येकी एकाच हंगामानंतर घालवलं. तिसरा डेमेको रायन्स आला, त्याच वर्षी ड्राफ्टच्या दुसऱ्या क्रमांकावर क्वार्टरबॅक सी. जे. स्ट्राउड मिळाला आणि ३-१३-१ चा संघ १०-७ झाला. वॉशिंग्टनलाही क्विनसोबत दुसऱ्याच क्रमांकावर जेडन डॅनियल्स मिळाला होता. एका वर्षात उडी मारणाऱ्या संघांत बहुतेक वेळा नवा क्वार्टरबॅक सापडतो, आणि श्रेय कोचच्या पदरात पडतं.

थोडं नशिबाचंही. एका झेपेच्या, म्हणजे आठ किंवा कमी गुणांच्या फरकाचे सामने वर्षावर्षाला टिकत नाहीत. मिनेसोटा २०२२ मध्ये असे ११ सामने खेळली आणि ११ च्या ११ जिंकली, हंगाम १३-४. पुढच्या वर्षी त्याच कोचसोबत ७-१०. तेव्हा तुमचा संघ मागच्या वर्षी असे आठ-नऊ सामने थोडक्यात हरला असेल, तर येणारा कोणीही कोच दोन-तीन विजय फुकटात घेऊन येतो. ४-१३ मध्ये बहुतेक पराभव वीस-वीस गुणांचे असतील, तर मात्र नव्याचे नऊ दिवस संपल्यावर ये रे माझ्या मागल्या.

यंदा तुमच्या क्लबने घोषणा केली की पत्रकार परिषद सोडून द्या, तिथे सगळेच जिंकतात. आठ-दहा दिवसांनी सहायकांची यादी येते, छोट्या बातमीत, कोपऱ्यात. ऑफेन्सिव्ह लाइनच्या कोचचं नाव बघा, तो आधीच्या क्लबात किती वर्षं टिकला ते बघा. आणि सप्टेंबरच्या पहिल्या सामन्यात पहिला हाफ संपायला दोन मिनिटं असताना किती टाइमआउट शिल्लक आहेत ते मोजा.