लिओपोल्ड काँगोत लोकांना सुधारायला गेला नव्हता

एक मेसेज सध्या प्रत्येक ग्रुपवर फिरतोय की युरोपियन लोक आफ्रिकेत लुटायला गेलेच नाहीत, ते गुलामांचा व्यापार बंद करायला आणि लोकांना सुधारायला गेले, आणि पुरावा म्हणून बेल्जियमचा राजा लिओपोल्ड दुसरा, ज्याने पदरचे पैसे घालून काँगोत रेल्वे बांधली. नेमकं काँगोचंच उदाहरण दिलेलं बघून राहवलं नाही.

गुलामगिरीचं बघू. १८७६ ला ब्रुसेल्सला परिषद भरवून त्याने हेच सांगितलं, पण पुढच्याच वर्षी लंडनमधल्या आपल्या राजदूताला पत्रात लिहिलं की आफ्रिकेच्या या झकास केकचा तुकडा मिळवायची संधी सोडायची नाही. आणि १८८७ ला काँगोतल्या स्टॅनली फॉल्स या भागाचा गव्हर्नर नेमला टिप्पू टिपला, जो त्या भागातला बडा गुलाम-व्यापारी होता!

पदरचे पैसे सुरुवातीला घातले हे खरं आहे, कारण काँगो तेव्हा बेल्जियमचा नव्हता, लिओपोल्डच्या खासगी मालकीचा होता. पण १८९० ला बेल्जियम सरकारने अडीच कोटी फ्रँक बिनव्याजी दिले आणि नंतर रबराने सगळं भरून काढलं. १८८८ ला डनलॉपचा हवेचा टायर आला, मागणी वाढली, काँगोच्या जंगलात रबराच्या वेली होत्याच. 'पडीक' जमीन त्याच्या काँगो सरकारची म्हणून जाहीर केली म्हणजे जंगलातला माल आपोआप सरकारचा. मग गावातल्या बायकांना ओलीस ठेवायचं, पुरुषांनी ठरलेलं रबर आणलं की सोडायचं. शिपायांना काडतुसांचा हिशोब द्यावा लागायचा, गोळी वाया गेली नाही हे दाखवायला मेलेल्यांचे, कधी जिवंत माणसांचेही हात कापून दाखवायचे. १९०४ चा एक फोटो आहे, मिशनरी अ‍ॅलिस हॅरिसने काढलेला, न्साला नावाचा बाप ओट्यावर बसून समोर ठेवलेल्या आपल्या पाच वर्षांच्या मुलीच्या हाताकडे आणि पावलाकडे बघतोय. सुधारणेचा मेसेज पाठवायच्या आधी तो फोटो एकदा बघाच.

रेल्वे बांधली, हो. माटाडी बंदर ते स्टॅनली पूल (काँगो नदीचं तळ्यासारखं रुंद पात्र), १८९० ते ९८. मध्ये नदीला धबधबे असल्याने बोटी जात नव्हत्या, आतला माल हमालांच्या डोक्यावरून बंदरावर आणावा लागायचा म्हणून बांधली, आणि बांधताना हजारो मजूर मेले. एडमंड मोरेल नावाचा एका जहाज कंपनीचा क्लार्क अँटवर्पच्या धक्क्यावर बघायचा, काँगोहून रबर आणि हस्तिदंत उतरतंय, परत जाताना जहाजात मुख्यतः बंदुका आणि दारूगोळा. बदल्यात विकायचा माल जवळजवळ नाहीच, म्हणजे तिकडे लोकांना कामाचा मोबदला मिळत नाही हे त्याने तिथेच ओळखलं.

अशा मेसेजमधला शेवटचा मुद्दा, 'त्या काळात सगळ्यांना हे योग्यच वाटायचं'. साफ चूक. जॉर्ज वॉशिंग्टन विल्यम्स या कृष्णवर्णीय अमेरिकन माणसाने १८९० लाच तिथे जाऊन लिओपोल्डला जाहीर पत्र लिहिलं होतं, १९०४ ला ब्रिटिश कॉन्सुल केसमेंटचा रिपोर्ट आला, ओरड इतकी वाढली की १९०८ ला बेल्जियमला काँगो राजाच्या हातून काढून घ्यावा लागला, आणि तो देण्याआधी लिओपोल्डने काँगोच्या कारभाराचे कागद भट्टीत घालून जाळायला लावले.